भूतगृह आणि मारबत : जपान व विदर्भ येथील हंगामी भयाच्या दोन परंपरा

१

जपानमध्ये जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत, हवा दमट होऊन उकाडा असह्य झाला असता, लोक पैसे देऊन भिऊन घेण्यास जातात. मनोरंजन-उद्यानांत, व्यापारपेठांत व उत्सवांच्या आवारांत या दिवसांत भूतगृहे उघडतात. अंधारी वाट, वळणावळणावर मांडलेल्या बाहुल्या, अकस्मात पुढे येणारा वेषधारी नट आणि शेवटी उजेडात उघडणारे दार, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. जपानी भाषेत या घराला ‘ओबाके-याशिकी’ म्हणतात. ‘ओबाके’ म्हणजे रूप पालटून आलेली वस्तू अथवा व्यक्ती आणि ‘याशिकी’ म्हणजे वाडा. भयाने अंगावर काटा येतो आणि काटा आला की गारवा वाटतो, असे या प्रथेचे लोकमान्य स्पष्टीकरण आहे.

हे स्पष्टीकरण सोपे असले तरी पुरेसे नाही. उकाडा हेच जर या प्रथेचे मूळ असते, तर ती विदर्भात केव्हाच उदयास यावयास हवी होती. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाणारे तापमान नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांना नवे नाही. यवतमाळच्या आग्नेयेस असलेल्या घाटंजीसारख्या कापसाच्या बाजारगावात वैशाखातील दुपार ज्याने काढली आहे, त्याला गारव्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. तथापि वैशाखात गारव्यासाठी कोणी येथे भुताच्या घरात शिरत नाही. विदर्भातही भयाला एक नेमका दिवस आहे. पण तो उन्हाळ्यात येत नाही, श्रावण सरल्यावर येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तो हा दिवस होय.

जपानी भूतगृह व वैदर्भीय मारबत यांची तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. एक धंदा आहे, दुसरा विधी आहे. एकाला तिकीट आहे, दुसऱ्याला नाही. परंतु दोहोंतही समाज आपल्या भयाला स्वतःच्या हातांनी आकार देतो, त्याला वर्षातील ठरावीक काळ नेमून देतो आणि तो काळ संपताच त्यातून मोकळा होतो. भेद आहे तो दिशेचा. तेथे माणूस भुताच्या घरात जातो. येथे भूत माणसाच्या घरातून बाहेर नेले जाते. या दिशाभेदाचा ऐतिहासिक उलगडा कसा होतो आणि त्यातून आपल्या समाजाविषयी काय कळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

जपानी उन्हाळ्याचा आणि भुतांचा संबंध शोधू गेल्यास तो प्रथम भारताशी येऊन भिडतो. जपानमध्ये मृतांच्या स्मरणाचा जो मोठा उत्सव होतो त्याचे नाव ‘बोन’. त्याचे पूर्ण रूप ‘उराबोन’ असून ते ‘उल्लम्बन’ या संस्कृत शब्दावरून आले, असे परंपरा मानते. या व्युत्पत्तीविषयी पंडितांत मतभेद आहेत. ज्या सूत्रावर हा उत्सव आधारलेला आहे ते चीनमध्ये रचले गेले असावे, असेही अनेक अभ्यासक मानतात. परंतु त्यातील कथा भारतीय वातावरणातील आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन आपल्या मृत आईला दिव्यदृष्टीने पाहतो, तो ती प्रेतयोनीत भुकेने व्याकूळ झालेली दिसते. तो तिला अन्न देतो. पण तोंडाशी नेताच त्या अन्नाचे निखारे होतात. तेव्हा वर्षावासाच्या समाप्तीस, म्हणजे सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस, भिक्षुसंघाला दान दे, म्हणजे तुझी आई मुक्त होईल, असे बुद्ध त्याला सांगतो. इ. स. ६५७ मध्ये जपानमध्ये हा उत्सव झाल्याची नोंद तेथील प्राचीन इतिवृत्तात आहे.

येथे पंचांगाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चांद्रमानाने पूर्वेकडील सातव्या महिन्याची पौर्णिमा ही बहुधा आपल्या श्रावण पौर्णिमेच्या आसपास येते. त्यानंतर पंधरवड्याने पिठोरी अमावास्येस पोळा व दुसऱ्या दिवशी मारबत. आणि आणखी पंधरवड्याने पितृपक्ष. जपानने १८७३ मध्ये पाश्चात्त्य कालगणना स्वीकारल्यावर बहुतेक प्रदेशांत बोन ऑगस्टच्या मध्यास होऊ लागला, तर तोक्योत तो जुलैत होतो. मूळ चांद्रकाल पाहिला तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात मृत व जिवंत यांच्यामधील पडदा पातळ होतो, ही समजूत दोन्ही देशांत जवळजवळ एकाच ऋतूत वावरताना दिसते. जपानी भूतगृहाचे उन्हाळ्याशी जे नाते आहे ते उकाड्याहूनही या श्राद्धकालाशी अधिक जुने आहे.

या श्राद्धकालाला रंगभूमीने धंद्याचे रूप दिले. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील काबुकी नाट्यगृहांत उन्हाळा हा मंदीचा हंगाम असे. नामांकित नट विश्रांतीस जात, नाट्यगृहे कोंदट होत आणि प्रेक्षक रोडावत. अशा वेळी मागे राहिलेल्या नटांनी यंत्रांच्या करामती, खऱ्या पाण्याचा उपयोग व क्षणात पालटणारे वेष यांचा आश्रय घेऊन प्रेक्षक खेचण्यास प्रारंभ केला. १८०४ च्या सातव्या महिन्यात त्सुरुया नाम्बोकू या नाटककाराचे ‘तेन्जिकु तोकुबेइ’ हे नाटक असेच गाजले. ‘तेन्जिकु’ म्हणजे भारत. सतराव्या शतकात समुद्रपार भारतापर्यंत प्रवास करून आलेल्या एका व्यापाऱ्याची आख्यायिका नाटककाराने घेतली आणि त्याला बेडकाच्या मायावी विद्येचा जाणकार बनविले. उन्हाळी भयनाट्याच्या या यशात अद्भुताचा देश म्हणून भारताचे नाव यावे, हा योगायोग मोठा रंजक आहे. पुढे १८२५ मध्ये, पुन्हा सातव्या महिन्यातच, याच लेखकाचे ‘योत्सुया काइदान’ नाकामुरा नाट्यगृहात झाले. नवऱ्याच्या लोभापायी विषाने विद्रूप होऊन मेलेली ओइवा ही त्यातील स्त्री पुढे जपानमधील सर्वांत प्रसिद्ध भूत ठरली.

रंगमंचावरील भूत प्रेक्षकापासून दूर असते. त्याला प्रेक्षकाच्या वाटेवर आणून उभे करणे, ही पुढची पायरी होय. १८३० मध्ये एदोजवळच्या ओमोरी येथे एका वैद्याने आपल्या आवारात भुतांची चित्रे व बाहुल्या मांडून लोकांना दाखविल्या. ती जागा भुतांचे चहागृह म्हणून प्रसिद्धीस आली आणि भूतगृहाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. पुढे मेइजी काळात बांबूंच्या दाट चक्रव्यूहात वाट चुकवून मध्ये मध्ये भयानक बाहुल्या दाखविणारे खेळ लोकप्रिय झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एका उद्यानात ओसाड रुग्णालयाच्या रूपाचे भूतगृह उभे राहिले. त्याची वाट सुमारे नऊशे मीटर लांबीची आहे. ज्याला पुढे जाववत नाही त्याच्यासाठी या वाटेवर मधूनमधून बाहेर पडण्याची दारे ठेवलेली आहेत. हा तपशील क्षुल्लक नाही; त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३

भूतगृहात ‘गृह’ का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. कारण आपली जुनी भुते घरात राहणारी नव्हेत. मुंजा पिंपळावर राहतो, आसरा पाण्याच्या डोहात राहतात, वेताळ गावाच्या शिवेवर, चकवा रानवाटेवर आणि खवीस ओसाड जागी. आर्थर जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने प्राथमिक शाळांतील शिक्षकांना प्रश्नावल्या पाठवून मुंबई इलाख्यातील लोकसमजुती जमविल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे नाट्यगृहात त्याचा वध झाल्यानंतर ही सामग्री एन्थोव्हेन यांनी संपादित केली आणि कोकणविषयक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भुतांचे जे प्रकार व स्थाने नोंदली आहेत ती पाहिली असता झाड, पाणी, शीव व स्मशान हीच भुतांची खरी वसतिस्थाने ठरतात. घरात भूत येते ते माणसाच्या अंगात शिरून. ते घराचे मालक होऊन बसत नाही.

जपानची स्थिती याहून वेगळी होती. ‘याशिकी’ म्हणजे सरदारांचे वाडे, आणि तेथील प्रसिद्ध भूतकथांपैकी एक अशाच वाड्यातील आहे. ओकिकु नावाची दासी धन्याच्या संग्रहातील दहा थाळ्यांपैकी एक हरवल्याच्या आरोपावरून मारली जाते आणि रात्री विहिरीतून तिचा थाळ्या मोजण्याचा आवाज येत राहतो. नऊपर्यंत मोजून ती थांबते. वाड्यात झालेला अन्याय वाड्यातच कोंडला जातो, अशी ही कल्पना आहे.

मराठी मुलुखात या कल्पनेशी जुळणारे उदाहरण शनिवारवाड्याचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्या वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची काकांना घातलेली आर्त हाक वाड्यात अजून ऐकू येते, ही आख्यायिका पुण्यात सर्वतोमुखी आहे. ओकिकुची मोजदाद व नारायणरावांची हाक यांत साम्य आहे ते असे की, दोन्ही ठिकाणी ज्याला न्याय मिळाला नाही त्याचा आवाज वास्तूत उरला आहे. तथापि शनिवारवाड्याचे कोणी तिकीट लावून भूतगृह केले नाही. तो इतिहासाचे स्मारक म्हणूनच पाहिला गेला.

‘भूत बंगला’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो वाड्यावरून नव्हे, बंगल्यावरून. बंगाली धर्तीचे घर या अर्थाने निघालेला हा शब्द इंग्रजी अमदानीत साहेबाच्या घराला व डाक बंगल्याला लागला. गावाबाहेर, झाडीत, एकाकी उभे असलेले, वर्षातून काही दिवस वापरले जाणारे आणि गावकऱ्यांना आत प्रवेश नसलेले हे घर भुताला सोयीचे होते. पुढे चित्रपटाने ते पक्के केले. १९४९ मध्ये ‘महल’ आला; १९६५ मध्ये मेहमूद यांचा ‘भूत बंगला’ आला. त्यानंतर जत्रांतील पाळणे व मौत का कुआँ यांच्या शेजारी ‘भूत बंगला’ ही पाटी दिसू लागली. सांगाडे रंगविलेला कापडी दर्शनी भाग, आत फळ्यांचा बोळ, लाल दिवा, ध्वनिफितीवरील किंकाळी आणि मुखवटा घातलेला एखादा तरुण, एवढ्या सामग्रीवर हा खेळ चालतो. वर्णन जपानी भूतगृहाशी बरेच जुळते. पण त्याला ठरावीक ऋतू नाही. जत्रा जेथे असेल तेथे तो जातो. मृतांच्या स्मरणाशीही त्याचा काही संबंध उरलेला नाही. म्हणून विदर्भातील खरा समांतर शोधण्यासाठी जत्रेच्या मैदानातून गावाच्या शिवेकडे वळले पाहिजे.

४

पोळा हा बैलांचा सण असला, तरी विदर्भात तो एका दिवसाचा सण नाही. अमावास्येस बैल सजवून तोरणाखाली उभे करतात आणि झडत्या म्हणतात. या झडत्यांतून सावकार, पुढारी व व्यापारी यांचा जो समाचार घेतला जातो, तो वर्षभर तोंड दाबून ठेवलेल्या शेतकऱ्याचे मन सांगतो. अनेक गावांत त्या संध्याकाळी पळसाच्या फांद्या दारात उभ्या करतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या फांद्या उचलून, घरातील रोगराई, ढेकूण-डास व सगळी इडापिडा आपल्यासोबत घेऊन जा असे मारबतीला ओरडून सांगत, गावाबाहेर नेऊन टाकतात अथवा जाळतात. पूर्वेकडील काही भागांत याच विधीला ‘नारबोद’ हे नाव आहे.

हा काळ मुद्दाम निवडलेला दिसतो. श्रावण सरताना पाणी साचलेले असते, हिवताप व पोटाचे विकार यांचा जोर असतो, शेतात पीक उभे असते आणि त्यावर कीड पडण्याची भीती असते. घरात धान्य कमी व शेतात आशा अधिक, अशा या दिवसांत संकटाला दृश्य रूप देऊन शिवेपार करण्याची गरज वाटणे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात इतरत्र पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाबाहेर नेण्याची जी प्रथा होती, ती याच जातीची होय. साथीचा रोग गाड्यावर बसवून शिवेपलीकडे पोचविला की गावाचे काम झाले. पलीकडच्या गावाने तो पुढे ढकलावा. या पद्धतीतील नैतिक अडचण उघड आहे. पण साथीचे कारण ज्ञात नसलेल्या काळात भयाला हालता येईल असे रूप देणे, हाच गावापाशी एक उपाय होता.

या खेड्यातील विधीला नागपूर शहराने मिरवणुकीचे स्वरूप दिले. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे मानले जाते. बांबू, कागद व कापड यांच्या या प्रचंड स्त्रीमूर्ती इतवारी-जागनाथ बुधवारी भागांतून वाजतगाजत निघतात, हजारो लोक त्यांच्यापुढे आपली पीडा ओरडून सांगतात आणि अखेर त्यांचे दहन होते. त्यांच्याबरोबर ‘बडगे’ नावाचे पुरुषपुतळे निघतात. महागाई, लाचलुचपत, परकीय आक्रमण, अपघात, साथीचे रोग, ज्या वर्षी जो प्रश्न ऐरणीवर असेल त्याचा बडग्या त्या वर्षी होतो. भुताचे रूप दरवर्षी नव्याने ठरविणारी ही परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे.

काळी मारबत ही भोसले घराण्यातील बाकाबाईची प्रतिमा होय, असे नागपुरात सांगतात. दुसऱ्या रघुजीची विधवा असलेल्या बाकाबाईने १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने वजन टाकले आणि १८५८ मध्ये तिचा मृत्यू झाला. १८५४ मध्ये खालसा झालेल्या राज्याच्या लोकांच्या मनात तिच्याविषयी जो राग होता तो पुतळ्याला चिकटला, असा या समजुतीचा आशय आहे. दुसऱ्या एका समजुतीप्रमाणे मारबत ही पूतना होय. दोन्ही समजुती एकाच वेळी नांदतात. घाटंजी ज्या वऱ्हाडात येते त्याचा राजकीय इतिहास मात्र निराळा आहे. तो प्रदेश १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. म्हणून बाकाबाईचा संदर्भ नागपुरात जितका जिवंत वाटतो तितका वऱ्हाडात वाटत नाही. तेथील खेड्यांत पुढे येते ती रोगराई व कीड.

घाटंजी, केळापूर, झरी-जामणी व मारेगाव या पट्ट्यात आणखी एक परंपरा विचारात घ्यावी लागते. हा गोंड व कोलाम यांचा मुलूख आहे. आदिलाबादच्या सीमेला लागून असलेल्या राजगोंडांत दिवाळीच्या सुमारास दंडारीचे नृत्यपथक गावोगाव फिरते. त्यात ‘घुसाडी’ नावाचे नर्तक असतात. डोक्यावर मोरपिसांचा जड मुकुट व शिंगे, तोंडाला खोट्या दाढीमिशा, अंगाला राख, खांद्यावर कातडे आणि हातात दंड, असा त्यांचा वेष असतो. हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात या समाजाचे सविस्तर वर्णन केले आहे. घुसाडी मुलांना भिववितो आणि लगेच हसवितोही. वेष चढविल्यानंतर तो देवाच्या अधीन मानला जातो आणि दिवाळीनंतर वेष उतरविण्याचा विधी झाला म्हणजे पुन्हा शेजारचा शेतकरी होतो. याच प्रदेशात गोंड व इतर शेतकरी स्थानिक देवतांच्या शांतीसाठी कोलाम पुजाऱ्यास बोलावीत आले आहेत. जमिनीच्या देवतांशी कोलामाचे नाते सर्वांत जुने, ही त्यामागील भावना होय. भयाला कोणी आकार द्यावयाचा व कोणी शांत करावयाचे, याची वाटणी समाजाने अशी आपापसांत केलेली दिसते.

५

आता दोन्ही परंपरा समोरासमोर ठेवून पाहू. तीन गोष्टी दोहोंत समान आहेत. पहिली, ठरलेला काळ. ओइवा सातव्या महिन्यात रंगभूमीवर येते, मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, घुसाडी दिवाळीत फिरतो. जपानमध्ये पूर्वी शंभर भूतकथा सांगण्याची बैठक होत असे. शंभर वाती लावावयाच्या, प्रत्येक कथेनंतर एक विझवावयाची. पण शंभरावी वात विझली तर खरे भूत येईल म्हणून नव्याण्णवावर थांबावयाचे. भयालाही मर्यादा असावी, हे भान या नियमात आहे.

दुसरी, ओळखीचा कर्ता. बाहुली कोणी केली, नट कोण, मारबत कोणत्या मोहल्ल्याने बांधली, घुसाडी कोणाच्या घरचा, हे सर्वांना ठाऊक असते. या ज्ञानाने भय नाहीसे होत नाही, पण ते आपल्या ताब्यात राहते.

तिसरी, सुटकेची वाट. फुजीच्या पायथ्याशी असलेल्या भूतगृहात मध्येच बाहेर पडण्याची दारे आहेत. मारबतीच्या बाबतीत गावाची शीव हेच दार होय. तेथे पुतळा जळतो आणि माणसे रिकाम्या हातांनी परत येतात.

आता भेदाकडे पाहू. जपानी प्रेक्षक एकटा किंवा मित्रासह भुताच्या वाड्यात शिरतो. त्याचे भय त्याचे स्वतःचे असते आणि त्याची किंमत तो आगाऊ देतो. शहरी, पैशाच्या व्यवहारात मुरलेल्या एदो समाजाने मृतांच्या ऋतूला हे रूप दिले. मारबतीत व्यक्ती नाही, गाव आहे. भय सामायिक आहे, म्हणून त्याची वाहतूकही सामायिक आहे. शेतीवर जगणाऱ्या, साथीला व किडीला एकत्र तोंड देणाऱ्या गावाला आत शिरण्याची चैन नव्हती. संकट आधीच घरात होते. ते बाहेर काढणे एवढाच प्रश्न होता.

या भेदाला विदर्भात आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. जपानमध्ये ज्या धर्माच्या आश्रयाने मृतांचा उन्हाळी उत्सव रुजला, त्याच धर्माचा स्वीकार विदर्भात मृतांच्या कर्मकांडातून मोकळे होण्यासाठी झाला. दोन्हींत विसंगती नाही. मौद्गल्यायनाच्या कथेतही आईची मुक्तता होते ती पिंडाने नव्हे, संघाला दिलेल्या दानाने. एकाच परंपरेतील कोणता धागा कोणत्या समाजाने उचलला, हे त्या त्या समाजाच्या दुःखावर अवलंबून राहिले.

६

मारबतीच्या परंपरेचे गुणगान करून येथे थांबता आले असते. परंतु त्याने विषयाला न्याय मिळणार नाही. जी भुते आपण पाहिली त्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरते. ओइवा विषाने विद्रूप होऊन मेलेली पत्नी, ओकिकु मारलेली दासी. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ अथवा अळवंतीण होते, असे मराठी लोकसमजूत सांगते. जपानमध्येही बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे स्वतंत्र भूत आहे. मारबत स्त्रीच आहे. जिवंतपणी जिच्यावर अन्याय झाला तिचेच मृत्यूनंतर भय वाटावे, यात समाजाच्या मनातील अपराधाची जाणीव उघड होते. नाट्यगृहात ही जाणीव प्रेक्षकाला ओइवाच्या बाजूने उभी करते. गावात मात्र तिला दुसरे वळण लागू शकते. संकट बाहेर काढावयाचे आहे, पण पुतळा बांधण्याऐवजी बोट एखाद्या जिवंत विधवेकडे वळले, तर शिवेपार कोणाला न्यावयाचे, हा प्रश्न भीषण होतो. करणी व भानामतीच्या आरोपाखाली स्त्रियांना मारहाण, बहिष्कार व मृत्यू भोगावा लागल्याच्या घटना विदर्भाच्या इतिहासात थोड्या नाहीत.

हा दूरच्या काळाचा वृत्तान्त नव्हे. घाटंजी तालुक्यातच २०१२ मध्ये एका बालिकेच्या हत्येचा प्रकार घडला. तो नरबळीचा असल्याचे तपासात पुढे आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. नागपुरातून १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाची संघटित चळवळ चालू होती, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या विषयावरील कायद्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांनी राज्यात वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला बांधणे, मारणे वा धुरी देणे आणि एखाद्यास करणी करणारा ठरवून त्याचे जगणे अशक्य करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत. सर्पदंश वा कुत्र्याचा चावा यांवर वैद्यकीय उपचार घेण्यास अडवून मंत्रतंत्र करणेही त्यात आले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या कायद्याची सूची वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यात मारबत नाही, घुसाडी नाही, जत्रेतील भूत बंगलाही नाही. आणि ते योग्यच आहे. आपण वर पाहिलेल्या तिन्ही खुणा मांत्रिकाच्या व्यवहारात लोपतात. त्याच्या भयाला हंगाम नसतो. ते बारमाही चालते. त्याचा कर्ता स्वतःला कर्ता म्हणवीत नाही. तो अदृश्य शक्तीकडे बोट दाखवितो. आणि त्याच्या घरातून बाहेर पडण्याचे दार पीडिताच्या हाती नसते. भूतगृहाच्या चालकाने दारावर शुल्क लिहिलेले असते, मांत्रिकाची मागणी मात्र वाढत जाते. भय तेच असेल, पण पहिल्यात ते खेळ राहते आणि दुसऱ्यात त्याचा व्यापार होतो.

यावरून मारबत निघाली म्हणजे गावात अंधश्रद्धा राहत नाही, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशात शेजारी शेजारी नांदल्या आहेत, हे घाटंजीच्या उदाहरणावरूनच स्पष्ट आहे. लोकपरंपरेने कायद्याचे व वैद्यकाचे काम करावे अशी अपेक्षाही धरता येणार नाही. परंपरेकडून शिकण्यासारखे आहे ते इतकेच की, बांबू-कागदाचा पुतळा हा पुतळा आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि तसे ठाऊक असूनही त्याच्यापुढे ओरडल्याने मन हलके होते. या जाणतेपणावर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा सारा विधी उभा आहे. पहाटे पळसाची फांदी घेऊन शिवेकडे धावणाऱ्या मुलाला आपल्या हातात फांदी आहे हे कळत असते. ते जोवर कळते तोवर त्या भयाकडून कोणाला अपाय नाही. आणि ते कळेनासे होते तेथून मात्र अभ्यासकाचे काम संपून शाळेचे, दवाखान्याचे व न्यायालयाचे काम सुरू होते.